सोमवारपर्यंत दिवे

संध्याकाळचे साडेसहा. ठाणे पूर्व, कोपरीतल्या एका इमारतीचा दुसरा मजला, 'माध्यमं आणि राजकारण' या विषयाचा एम.ए.चा वर्ग. माझी फजिती झाली ती इथे.

आता तुम्ही विचाराल, तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस या वयात वर्गात काय करतोय? आमचा नवा संपादक, वयानं माझ्या पुतण्याएवढा, मला म्हणाला, "काका, या विषयातली डिग्री नाही ना तुमच्याकडे." म्हटलं, घेऊन दाखवतो. राग आला की मी कुठेही नाव नोंदवतो.

तर त्या दिवशी डोंबिवलीतली एक पत्रकार परिषद लांबली आणि मी वर्गात उशिरा पोचलो. बघतो तर टेबलावर पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या, आणि कडक इस्त्रीच्या साडीत एक बाई बोलतायत. पालिकेची निवडणूक नुकतीच झालेली, निम्मे चेहरे नवे. दाराजवळच्या मुलाला विचारलं, "कोण रे या?"

"इथल्या नगरसेविका." तो हसत होता, पण हल्लीची मुलं कशालाही हसतात.

झालं, माझं डोकं तापलं. स्टेशनकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीतले दिवे गणपतीपासून बंद. मुली शेवटचा तास बुडवून घरी पळायच्या. दोघींना तर घरून सांगितलेलं, असंच चालणार असेल तर वर्गच सोड.

मी उभ्याउभ्याच सुरू झालो. "मॅडम, बाहेरच्या गल्लीत दिवे कधी लावणार?"

"लवकरच."

"लवकरच म्हणजे? वार सांगा."

"काका, आधी बसा तरी."

"मी तुमचा काका नाही. मी पत्रकार आहे."

वर्ग खिदळला. बाई जरा गडबडल्या, मग मान ताठ करून म्हणाल्या, "येत्या सोमवारपर्यंत. शब्द आहे माझा."

आमचे सर कौतुकानं माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, खरी पत्रकारिता काय असते ते आज कळलं यांना. तिथूनच फोनवर बातमी लिहून पाठवली. उशिरा आल्यामुळे प्रेसनोट मिळाली नव्हती, म्हणून नावाच्या जागी 'स्थानिक नगरसेविका' एवढंच टाकलं. सकाळी छापून आली: 'सोमवारपर्यंत दिवे, नगरसेविकेचं आश्वासन'.

त्या संध्याकाळी वर्गात शिरलो तर त्याच बाई, जीन्स घालून, दुसऱ्या बाकावर वडापाव खातायत.

"मॅडम, तुम्ही इथे?"

"काका, मी सोनाली. जूनपासून तुमच्या मागे बसतेय. कधी मागे वळून बघितलंत का?"

"अहो, पण कालची पत्रकार परिषद?"

"प्रॅक्टिकल होतं ते. गेल्या आठवड्यात सरांनी सांगितलेलं, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी भांडून निघून गेलेलात. साडी आईची. पुष्पगुच्छ ताईच्या साखरपुड्यातला."

दोन ठिकाणी विचारल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे मी आयुष्यभर नव्या पोरांना दटावून सांगत आलो. आणि स्वतः विचारलं ते एकालाच, तोही हसत होता. संपादकाला फोन करून म्हटलं, खुलासा छापा. तो म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबू की, काका. नाही लागले दिवे तर छापू."

सोमवारी गल्लीच्या तोंडाशी शिडीची गाडी उभी. वर्ग सुटला तेव्हा सगळी गल्ली लख्ख. पहिल्याच खांबावर फ्लेक्स: 'आमच्या पाठपुराव्याला यश'. खाली खऱ्या नगरसेविकेचा हात जोडलेला फोटो. त्या बाईंशी मी आजवर एक शब्द बोललेलो नाही.

मी पालिकेत फोन लावला. दिवे लावायचा आदेश कोणाचा? "वरून आला." वर विचारलं. "खालून प्रस्ताव आला." शेवटी नगरसेविकेच्या कार्यालयात विचारलं.

"मॅडमनी शब्द दिलेला ना," तिथला माणूस म्हणाला. "पेपरात आलंय. तुम्ही पेपर वाचत नाही का?"

सोनालीला पैकीच्या पैकी मिळाले. मला सरांनी ऐकवलं, "प्रश्न उत्तम, खातरजमा शून्य." त्या दोघी मुली आता शेवटच्या तासालाही बसतात. दिवे अजून चालू आहेत. आणि सोनाली सोडून ते लावायचा शब्द नक्की कोणी दिला होता, हे मला अजून कोणीही सांगितलेलं नाही.