वाळूत टाकलेली चमकी
गराज आवरताना मेटल डिटेक्टरच्या पिशवीतून लाल वाळू सांडली आणि असली यंत्रं विकणारं ॲरिझोनातलं ते दुकान आठवलं. नवऱ्याला वाळवंटात सोनं शोधायचं वेड लागलं होतं, म्हणून सासूबाईंनाही बरोबर घेऊन आम्ही फ्रिस्कोच्या घरून ड्राइव्ह करत गेलो होतो. दुकानदार म्हातारा, गोरा आणि अतिशय सज्जन. बारीक सोन्याला छोट्या चकतीचं मशीन लागतं, हे दाखवायला त्यानं वाळूच्या लाकडी खोक्यात तांदळाच्या कणीएवढं सोनं पुरलं. मशीन कुंईऽ करून वाजलं. "त्याच्या सोन्याचा काय भरवसा?" म्हणत सासूबाईंनी नाकातली चमकी काढली आणि आम्ही थांबवायच्या आत वाळूत टाकली. मशीन पुन्हा वाजलं, पण चमकी काही हाताला लागेना. दुकानदार प्लास्टिकच्या डावानं वाळू काढायचा आणि निम्मी निम्मी करत मशीनसमोर धरून बघायचा. आधी त्याचाच कण निघाला. सासूबाईंनी तो झटकन उचलून मूठ मिटली. "आधी माझी चमकी, मग त्याचं सोनं. सांग त्याला!" नवरा घाम पुसत इंग्रजीत म्हणाला, "आईला तुमचं सोनं फार आवडलंय." दुकानदार खूश होऊन आणखी वाकून शोधायला लागला. अखेर चमकी सापडली, मूठ उघडली आणि लाजेकाजेस्तव आम्ही तेच मशीन घेतलं. त्यानं आजवर नुसते खिळेच शोधले. पण परतताना सासूबाई गाडीत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. आता वाटतं, इंग्रजी येत नाही म्हणून तीन महिने घरात गप्प बसलेल्या त्या बाईला अमेरिकेत पहिल्यांदाच कुणाशी तरी भांडायला मिळालं होतं.