मांडव उभारणाऱ्यांची नावं

प्रेरणानं उमरावभाऊंना पहिल्यांदा पाहिलं ते गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात. भाजीची पिशवी पायाशी ठेवून ते फोनवर कुणा पत्रकाराची मनधरणी करत होते.

"भाऊ, बातमी आज लाव ना रे. चार ओळी तं लाव."

बोलताना चेहरा हसरा होता. फोन खिशात गेला आणि हसू उतरलं. इतका दमलेला चेहरा तिनं बाजारात दुसरा पाहिला नाही.

हे जनसंपर्काचं काम करणारे उमराव कापगते, हे तिला मागून कळलं. ती त्याच विषयाचा अभ्यासक्रम संपवून घरी बसली होती. लवकरच ती त्यांच्या गोंदियातल्या एका खोलीच्या ऑफिसात शिकायला जाऊ लागली. दवाखाने, राइस मिल, शिकवणी वर्ग यांच्या बातम्या लिहून वर्तमानपत्रांकडे पोचवायच्या, हे काम. मुलं इथं तयार होत आणि नागपूरला निघून जात. "चला, पुन्हा गमभन," म्हणत उमरावभाऊ नव्या मुलाला खुर्ची देत.

एका खाजगी दवाखान्यानं दवनीवाडा या गावी डोळ्यांचं शिबिर घेतलं. बातमी प्रेरणानं लिहिली. शेवटचा 'यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले' हा नावांचा परिच्छेद तिनं काढून टाकला. असली रटाळ नावं कोण वाचतं? उमरावभाऊंनी मजकूर मोबाइलवर पाहिला, डोळे चोळले आणि 'ठीक' असं उत्तर पाठवलं. बातमी सगळीकडे झळकली. प्रेरणानं कात्रण आईला दाखवलं.

पुढच्या शिबिराला मात्र दवनीवाड्यानं जागाच दिली नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी दोघांना बोलावून घेतलं.

"कापगतेजी, ये प्रेस नोट किसने लिखी? गाँववालों के नाम कहाँ हैं?"

प्रेरणानं उमरावभाऊंकडे पाहिलं. गोंदियात एका ठिकाणाहून काढलेल्या पोरीला दुसरा कोणी उभं करत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"लिवली इनं. पण वाचून पाठवली मी."

"लड़की को हटाइए. आपका काम चालू रहेगा."

उमरावभाऊ खुर्चीवरून उठले. ऑफिसचं भाडं याच दवाखान्यावर निघत होतं.

"पोरगी राहीन, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी मोटरसायकल दवनीवाड्याकडे वळवली.

"काम तं गेलं भाऊ. आता तिकडं कायले जाऊन राहिलो?" प्रेरणानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"मी आज आहो, उद्या नाही. तुले तं याच गावात पुन्हा यावं लागन. मंग तोंड कसं दाखवशीन?"

शिबिराचा मांडव ज्यांनी घातला ते केवळराम ओसरीवरच होते. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"काऊन वं बाई, मांडव का हवेनं उभा राहिला होता? बायाइनं दिसभर भात रांधला. बातमी आली तसे पेपर घेऊन घरोघरी फिरलो आमी. नाव कोणाचंच नाही!"

"चुकलं माझं, काका," प्रेरणा म्हणाली. "मले वाटलं, नावं कोणी वाचत नाही."

"तेवढंच तं वाचतो आमी!"

आतून कोणीतरी हसलं. केवळराम मात्र हसले नाहीत. जरा वेळानं त्यांनी चटई सरकवली. "बसा. च्या घ्या. उमराव, तू तं लय वाळला रे."

"हो ना," एवढंच म्हणून उमरावभाऊ भिंतीला टेकले आणि चहा येईपर्यंत त्यांचा डोळा लागला.

त्यानंतर प्रेरणा त्यांच्याकडे वर्षभर राहिली. पुढं नागपूरच्या एका मोठ्या कंपनीनं तिच्याबद्दल विचारायला त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. निघताना ती पाया पडली, तर म्हणाले, "जा बाई. तिथं कोणी शिकवत नाही, कामच सांगतात. झोप घेत जा."

दवाखान्याचं काम परत आलं नाही. उमरावभाऊंनी ऑफिसची खोली सोडली. हल्ली ते ओळखीच्या छापखान्यात एका टेबलावर काम करतात, आणि चेतना नावाची नवी मुलगी त्यांच्याकडे शिकायला येते.