कण काकांचा, लहर काकूंची

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वायरमनकाकांना एकवीस वर्षं झाली होती. फ्यूज बदलायला म्हणून आले आणि तिथलेच होऊन गेले. काजळी धरलेल्या काचेवर ब्लेडने केसाएवढ्या दोन चिरा पाडायच्या, त्यांतून लेझरचा झोत सोडायचा आणि भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे उमटवायचे, हे काम त्यांच्याइतकं नेटकं कोणालाच जमत नसे. समजावून सांगायचं काम मात्र विषय शिकवणाऱ्या बाईंचं. काका मागे उभे राहून ऐकत.

कॉलेज सगळ्यांना बघायला खुलं ठेवलं, नेमका त्याच दिवशी बाईंचा घसा बसला. खोली गच्च भरलेली, पहिल्या रांगेत प्राचार्य. बाईंनी काकांना जवळ ओढलं आणि कुजबुजल्या, "मी कानात सांगते, तुम्ही मोठ्याने बोला."

काका इतक्या लोकांपुढे कधीच बोलले नव्हते. त्यात तिसऱ्या रांगेत काकू बसलेल्या. पण भिंतीवर पट्टे छान उमटले होते, त्यांच्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं.

"बाई म्हणतात, प्रकाशाला वस्तुमान नसतं. म्हणजे वस्तू गेली, मान तेवढा राहिला. म्हणून तर अख्ख्या विश्वात त्याच्यापुढे कोणी जात नाही."

लोक हसले. बाईही हसल्या, आवाज न करता. काकांना जोर चढला.

"आता प्रकाश हा कण आहे आणि लहरही आहे. आमच्या घरात बघा ना, कष्टाचा कण न् कण माझा, आणि लहर हिची."

तिसऱ्या रांगेतून शांत आवाज आला, "उलटं आहे. यांची लहर लागली तर काम होतं, आणि तेही कणभर."

खोली दणाणली. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. काका कानापर्यंत लाल झाले, पण मनातून फार सुखावले. एकवीस वर्षांत काकू पहिल्यांदाच त्यांचं काम बघायला आल्या होत्या.

मग एका मुलीने विचारलं, "एकच कण सोडला, तर तो कुठल्या चिरेतून जातो?"

काकांनी कान पुढे केला. बाई बराच वेळ कुजबुजल्या.

"ते बघायला पहारा बसवला, की पट्टे नाहीसे होतात," काका म्हणाले. "नजर ठेवली, की त्याचं वागणं बदलतं. साहेब प्रयोगशाळेत आले की आमचंही तसंच होतं."

सगळ्यांत मोठ्याने हसले ते प्राचार्यच.

पुढच्याच आठवड्यात हा प्रयोग दाखवायला दोन शाळांची बोलावणी आली, मग येतच राहिली. काकांनी एकच अट घातली, काकू बरोबर हव्यात. काकूंनी थोडे आढेवेढे घेतले आणि नवीन चपला घेऊन तयार झाल्या.

बाईंचा आवाज केव्हाच परत आला होता. पण "घसा अजून नाजूक आहे" असं म्हणत त्या पुढचे सहा महिने प्रत्येक शाळेत मागच्या बाकावर शेंगदाणे खात बसल्या.