महागडा प्रोसेसर

शेजारच्या गाळ्यात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या बाईंनी भारीतला प्रोसेसर घेतला, तेव्हा मी विचारलं, "जव्हारला एवढा कशाला?" त्या मोजकंच बोलतात. "बघू," म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या.

परवा दाभोशाची नवरी आली. आई अंथरुणाला खिळलेली, तिला लेकीचं लग्न पाहता आलं नव्हतं. नवरी तर दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर कामाला ठाण्याला निघणार होती. जुन्या मशीनवर व्हिडिओला रात्र लागायची. या वेळी तिच्या गावाकडची जीप भरेपर्यंत तयार झाला. बाईंनी शटर ओढलं आणि लॅपटॉप घेऊन त्याही नवरीसोबत जीपमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मग, पैसे वसूल?"

"वीज लय खातो," त्या म्हणाल्या. "पण मायलेकींनी संगं बसून बघितलं. संपलं तर आई म्हणाली, परत लाव."