गिटारच्या खोक्यातली शिट्टी

भावाला मुंबईला नोकरी लागली तेव्हा त्याने आपली हवाईयन गिटार माझ्याकडे ठेवली आणि तिच्याबरोबर तिचा आवाज मोठा करणारं एक खोकंही. खोक्यात जुन्या रेडिओचा सांगाडा, तीन व्हॉल्व आणि वीतभर रुंदीचा स्पीकर. बटण फिरवलं की मिनिटभर काहीच होत नसे. मग व्हॉल्व तांबूस होत, तापलेल्या धुळीचा वास येई आणि खोकं हलकेच गुणगुणू लागे. ते मिनिट मला फार आवडायचं. पुढे तारेवरून लोखंडी कांडी सरकवली की मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज निघायचा.

मी नुकतीच मॅट्रिक होऊन बोर्डिंगातून मुरूडला परतले होते. इंग्रजी शाळेमुळे बाजारात बोलायचं मराठी मला आधी मनात जुळवून घ्यावं लागे, म्हणून मी शक्यतो बोलतच नसे. पण खोक्यासाठी बोलणं भाग होतं. गावात रेडिओ दुरुस्त करणारे एकच चाचा होते. उमेदीची सगळी वर्षं आगबोटींच्या इंजिनखोलीत काढून ते परत आले होते आणि घराच्या ओटीवरच त्यांनी दुकान थाटलं होतं.

"आवाज जरा उबदार हवा," मी म्हटलं.

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग खाली शेगडी ठेवू काय, बाय?" मग स्वतःच हसून म्हणाले, "गोल हवा म्हण की."

आठवड्याने खोकं परत मिळालं. "बघ, कसा मोकळा झाला," असं म्हणत त्यांनी सोबत नेलेल्या गिटारची तार छेडली. आवाज पहिल्यापेक्षा धारदार झाला होता आणि मागे एक बारीक शिट्टी सतत वाजत होती. मी "छान" म्हटलं आणि घरी आले. पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊन गेले. या खेपेला शिट्टी वाढली. मी पुन्हा "छान" म्हटलं.

त्याच सुमारास आमचा रेडिओ त्यांच्याकडून दुरुस्त होऊन आला. बातम्या लागल्या तशी बाबांनी कानावर हात ठेवला. "माणूस बोलतोय की किंचाळतोय? कचेरीत दोघांनी हेच सांगितलं. म्हाताऱ्याचा हात गेला. पुढच्या खेपेला पेणला पाठवू." सगळ्यांनी रेडिओ पेणला पाठवले तर ओटीवरचं दुकान बंद होणार, हे मला कळत होतं.

हात गेला नव्हता. तारा जोडताना दिलेले त्यांचे कथलाचे डाग मोत्यासारखे असत. मी ओटीच्या कोपऱ्यात गप्प बसून पाहत असे, आणि गप्प बसणाऱ्याला बरंच दिसतं. धक्क्यावर लाँचचा जाड, घोगरा भोंगा वाजला की चाचा सगळ्यांच्या आधी मान वर करत. पण आतून चाची बारीक, उंच आवाजात तीन-तीनदा जेवायला बोलवत, तेव्हा त्यांची मान हलत नसे. शेवटी चाची बाहेर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावत. "साऱ्या गावाची स्टेशनं ऐकतात," त्या मला सांगत, "माझंच स्टेशन लागत न्हाय ह्यांना." आम्ही तिघंही हसायचो.

तिसऱ्या खेपेला मी गिटार आणि खोकं घेऊन गेले ती शिट्टीबद्दलचं एक वाक्य घरून पाठ करून. ते ऐन वेळी विसरले. चाचांनी एक कंडेन्सर बदलला, बटण फिरवलं, व्हॉल्व तापले. शिट्टी ओटीभर पसरली.

"चाचा, शिट्टी थांबली?" मी विचारलं.

"थांबली की."

आतून चाची कपाळ दाबत आल्या. "ती शिट्टी बंद करा आधी. दाढेत कळ जाते."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं. त्यांनी बटण बंद केलं आणि हातातली कात्री कापडावर पुसत राहिले. ती स्वच्छच होती.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

"अन् छान म्हणालीस."

त्यांनी पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस. डाग मी देतो. ऐकायचं काम तुझं. बोलायला नको तुला, कानाला खटकलं की बोट वर केलंस तरी पुरे."

दुपारभर आम्ही तसंच केलं. एकेक कंडेन्सर लावून ते तार छेडत आणि मी बोट वर करी. ते मान डोलावून तो काढत आणि पुढचा लावत. डावा तळवा मात्र त्यांनी खोक्याच्या लाकडावर ठेवला होता. पाचव्या कंडेन्सरला शिट्टी गेली. सातव्याला आवाजाची धार बोथट झाली आणि तार भरून, सावकाश बोलू लागली. माझं बोट खालीच राहिलं. "हा माझ्या हाताला पण कळतोय," ते म्हणाले.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी मी ओटीवर बसू लागले. दुरुस्त झालेला प्रत्येक रेडिओ आधी मी ऐके. गिऱ्हाइकांना चाचा सांगत, "बाय काम शिकते माझ्याकडे." ते खोटं नव्हतं. डाग द्यायला मी तिथेच शिकले. आमचा रेडिओ पुन्हा एकदा त्यांच्याकडे जाऊन आला आणि बाबांनी पेणचं नाव परत काढलं नाही.

कॉलेजसाठी मी मुंबईला निघाले तेव्हा स्टुलावर चाची बसू लागल्या. त्यांना बोट पुरेना. "अजून किंचाळतोय, अजून एक लावा," असं त्या बोलून सांगत.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा चाचा पाठमोरे बसून एक सेट उघडत होते. आतून चाचींनी जेवायला हाक मारली. आवाज ओळखू येईना, इतका तो खाली उतरवलेला होता, जवळजवळ पुरुषी.

चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आलो," ते म्हणाले.