बीपी असलेलं घर

डॉक्टरांनी कागदावर मूत्रपिंड काढलं, त्याच्याकडे जाणारी रक्तवाहिनी काढली आणि तिच्याभोवती मज्जातंतूंचं जाळं. हे तंतू उगाचच धोक्याची वर्दी देत राहतात, म्हणून आमच्या यांचं बीपी चार-चार गोळ्यांनाही दाद देत नाही, असं ते म्हणाले. मांडीतून बारीक नळी घालून त्या तंतूंना आतून चटका द्यायचा, म्हणजे ते गप्प होतात.

आज ते झालं. हे उजवा पाय सरळ ठेवून पडलेत आणि मी उशाशी बसलेय. मनात येतं, आत सारखी वर्दी जात होती आणि बाहेर आम्ही एकही वाईट बातमी यांच्यापर्यंत पोचू देत नव्हतो. ‘यांना सांगू नका, बीपी आहे’ हे आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी मिळायचं.

“धाकटीची नोकरी गेली ना?” यांनी अचानक विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. लेकीचा फोन भर ऑफिसच्या वेळात यायला लागला आणि तू तो घेऊन गॅलरीत जायला लागलीस. तेव्हापासून मला झोप नाही.”

माझी नजर आपसूक मॉनिटरवरच्या आकड्याकडे गेली.

“तिकडे नको,” हे म्हणाले, “माझ्याकडे बघून सांग.”