शाब्लीचा एक घोट

"कालवांबरोबर एक घोट घेऊन तर बघ!"

"आंबटढाण आहे ती! तुमची फ्रेंच राणी तुम्हालाच लखलाभ."

आईबापाचं हे भांडण लेकीनं लहानपणी दाराआडून ऐकलेलं. बाप हॉटेलात वेटर. बाटलीत उरलेली शाब्ली, ती फ्रेंच पांढरी वाइन, घरी आणायचा. आई कालवं वाफवून द्यायची, पण ग्लासाला कधी शिवली नाही.

केस पिकल्यावर एकदा, त्याची पाठ वळताच, आईनं खारं कालव तोंडात टाकलं नि त्याच्या ग्लासातला घोट घेतला. आंबटपणा कुठल्या कुठे पळाला! पण लगेच हार कशी मानायची?

"उद्या सांगते त्यांना," ती लेकीच्या कानात पुटपुटली.

उद्या सांगायला तो राहिलाच नाही. त्याच संध्याकाळी हॉटेलात जाताना वाटेतच त्याचं हृदय थांबलं. घरातून निघताना त्यानं नेहमीसारखी रिकामी बाटली विसळून पिशवीत घातली. "हॉटेलात देऊन येतो गं," म्हणाला. आईनं मानसुद्धा वर केली नाही.